बंदुकीचा कान

भिशीत नवी बाई आली, की शेजारच्या सुमनबाई आवाज बारीक करून माझी ओळख करून देतात, "ह्या पोलिसात होत्या बरं का." नव्या बाईच्या डोळ्यांत जरासा धाक येतो. मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू? पण तो टिकत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग चोर लई पकडले असतील!" अख्ख्या नोकरीत मी एकही चोर पकडला नाही. उलट चोरानंच एकदा विहाराच्या दारातून माझ्या चपला नेल्या, आणि तो तपास अजून चालू आहे.

मी आर्मोरर होते. म्हणजे पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करणारी. बंदूक हवी तेव्हा चालली पाहिजे आणि नको तेव्हा अजिबात चालता कामा नये, एवढं बघायचं माझं काम. कुठल्या मुख्यालयात, ते विचारू नका. राहते नांदेडला, एवढं पुरे. त्या मुख्यालयातली माणसं अजून मला फराळाचा डबा पाठवतात, आणि मला तो सोडायचा नाही.

पोलिसात मी गेले ते उंचीमुळे. लातूरला माहेरी माझ्या उंचीचा नवरा मिळेना, म्हणून आमच्या आबांनी भरतीचा अर्ज आणला. नवरा पुढं मिळाला. माझ्यापेक्षा चार बोटं बुटकाच, पण मास्तर. नोकरीत काही वर्षं गेल्यावर मला शस्त्रागारात पाठवणार म्हणून कळलं, तेव्हा मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "आता बसून काम. डोक्यावर पंखा, दाराला कुलूप, उन्हातान्हात बंदोबस्त नाही." बसून काम! त्या वेळची मी आज समोर आली, तर तिला मी सरळ परेडला पाठवीन.

पहिल्या दिवशी मी काय नटून गेले होते म्हणता. टोपीखाली चापून अंबाडा, गणवेशाला कडक इस्त्री, आणि नखांना लालभडक रंग. शस्त्रागारात करीमभाई होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. जुन्या नांदेडातलं घराणं. वडील, आजोबा कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. किडकिडीत अंग, पांढरी दाढी, चष्म्याच्या दांडीला दोरा. त्यांनी माझ्याकडं न बघता एक रिकामी रायफल पुढं सरकवली आणि म्हणाले, "हँडल खींच."

मी पोस्टरमधल्या बाईसारखी उभी राहिले आणि सगळ्या ताकदीनं ओढलं. हँडल मागं गेलं, सुटलं, आणि माझं लाल नख त्याच्या खाचेत राहिलं. मी बाहेर, नख आत. डोळ्यांतून टपाटपा पाणी. उस्तादांनी चिमट्यानं नख काढलं, कागदावर ठेवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "कल नाखून काट के आ, बेटी. और अकड भी."

नखं मी त्याच दिवशी कापली. दुसरीला बरीच वर्षं लागली.

त्या हँडलबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या बहुतेक रायफली एसएलआर होत्या. त्या बंदुकीच्या डाव्या अंगाला एक छोटं हँडल असतं. उस्ताद त्याला 'कान' म्हणायचे. उजवा हात बंदुकीच्या मुठीवर ठेवायचा आणि डाव्या हातानं हा कान मागं ओढून सोडायचा. ओढला की आतलं लोखंड मागं सरकतं. सोडला की स्प्रिंगच्या जोरानं ते पुढं जातं, आणि जाता जाता एक काडतूस नळीत ढकलतं. पहिल्या गोळीला एवढं केलं, की पुढच्या गोळ्या बंदूक आपली आपण भरून घेते. मग कान आपल्या जागी गप बसतो. चांगल्या कानाची खूण एवढीच, की एका ओढीत यावा, वाटेत कुठं अडू नये आणि पुढं गेल्यावर लुडबुड न करता बसून राहावा.

बिघडतो मात्र नाना तऱ्हेनं. दुरुस्तीला हात घालायच्या आधी बंदूक रिकामी आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून बघायचं, आणि मग आपल्यावर विश्वास न ठेवता पुन्हा बघायचं. त्यानंतर डोळे मिटून कान हळूहळू ओढायचा. सगळीकडंच जड येत असेल, तर तेल वाळून चिकट झालंय. ज्वारीच्या पिठात खडा आल्यासारखी किरकिर लागली, तर धूळ. एकाच जागी खट्कन अडलं, तर काहीतरी वाकलंय किंवा मध्ये काहीतरी बसलंय. आणि नुसताच सैल पडून खुळखुळत असेल, तर त्याला पुढं धरून ठेवणारी कळ झिजली. हे सगळं हातालाच कळतं. मी सुरुवातीला अडलं की आणखी जोरात ओढायची. उस्ताद मागून म्हणायचे, "जोर नक्को लगा. पूछ उसको, क्या हुआ." मला वाटायचं, म्हाताऱ्याला बंदुकीशी बोलायची सवय लागलीय. मी तोंडात पदर, म्हणजे रुमाल घालून हसायची.

गिऱ्हाइकंही एकेक अशी, की काय सांगू. लातूरकडच्या एका गार्डवरच्या गड्यानं ऐन थंडीत बंदूक आणली. कान तसूभर हलेना. मी वास घेतला, तर चमेली! सरकारी तेल संपलं म्हणून यानं बायकोचं डोक्याचं खोबरेल घातलं होतं, आणि ते थंडीनं गोठलं होतं. मी बंदूक उन्हात ठेवली. घटकाभरात कान सुटला. तो मला विचारतो, "मॅडम, काय केलं?" मी म्हटलं, "केस विंचरले."

कंधारच्या कोषागारावर हणमंता नावाचा पहारेकरी होता. त्याच्या बंदुकीचा कान दर महिन्याला खाली वाकलेला. मी सरळ करून द्यायची, झीज तपासायची, तेल घालायची, की पुढच्या महिन्यात हा पुन्हा एसटीतून उतरून दारात उभा. शेवटी उस्तादांनी त्याला बसवून चहा पाजला.

"डबा कुठं ठेवतोस रे?" त्यांनी सहज विचारलं.

"त्याच्यालाच अडकवतो की." हणमंतानं कानाकडं बोट केलं. "भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली. खाली ठिवलं की मुंग्या लागतात, उस्ताद."

मी तोंड उघडलं होतं चांगलं झापायला. उस्तादांनी हातानंच गप केलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बसनं कंधारला गेले, पहाऱ्याच्या खोलीच्या भिंतीत एक मोठा खिळा ठोकला, आणि दुपारच्या गाडीनं परत आले. हणमंताची बंदूक पुन्हा कधी आली नाही. मी वेड्यासारखी लोखंड सरळ करत बसले होते, आणि बिघाड भिंतीत होता.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून बसलेय, तिच्याकडं येते.

उस्ताद निवृत्त झाले, त्यानंतरचा तो पहिला दसरा. आमच्याकडं खंडेनवमीला शस्त्रपूजन व्हायचं. बंदुका मांडून हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, नारळ. मी मात्र दरवर्षी त्या वेळी रजेवर. आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन; पांढरी साडी, विहार, वंदना, मग दोन दिवस लातूरला माहेर. मी परत येईपर्यंत बंदुका लख्ख असायच्या. उस्तादही पूजेला नसायचे, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास हजर. लोक म्हणायचे, म्हातारा पेढ्यासाठी येतो. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

त्या वर्षी मी लातूरहून परतले आणि दुपारी मुख्यालयात पाय ठेवला, तर सगळे गप गप. मिलिंद नावाचा आमचा एक शिपाई दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्तावर होता. येताना गाडीला अपघात झाला आणि तो जागीच गेला. लग्न ठरायचं होतं पोराचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उमरीच्या पुढं त्याच्या गावी अंत्यसंस्कार आणि बंदुकीच्या तीन फैरींची सलामी. सलामीच्या तुकडीचे प्रमुख बाबुराव हवालदार, बंदुका द्यायच्या मी.

शस्त्रागाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा बसला होता. धोतर, पांढरा सदरा, पायांत टायरच्या चपला. कुठल्याशा सहीसाठी त्यांना आणलं होतं. मिलिंदचे वडील, किसनबाबा. मी तांब्या घेऊन गेले. त्यांनी पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत.

"बाई, बंदुका तुमीच देताव का?"

"हाव, बाबा."

"समद्या वाजतील ना?"

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही विचारतो. मी म्हटलं, "वाजतील की."

"तसं न्हाई." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मागं कुठं तरी सलामीला बंदुका वाजल्याच न्हाईत. शिपाई नुसते खटखट करून राहिले. लोकांनी त्याचा व्हिडिओ काढला. मिलिंदनं मला त्याच्या फोनवर दाखवला होता. लई हसलो बाई आमी. तो बी हसला, मी बी हसलो. मेलेल्या माणसाचा बाप तिथंच उभा होता त्याच्यात. मला तवा दिसलाच न्हाई तो."

मी तांब्या उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"उद्या माझ्या दारात कुणी हसू न्हाई, एवढं बघा," ते म्हणाले, आणि मग पाणी प्यायले.

आत आले आणि सलामीसाठी काढून ठेवलेल्या दहा बंदुकांपैकी पहिलीचा कान ओढला. आला नाही. दुसरीचा आला तो रडतखडत, पिठलं लागलेल्या पळीसारखा. तिसरीचा मध्येच अडकला. कानाच्या खाचांत लाल-पिवळा चिखल जमला होता. हळद, कुंकू, नारळाचं पाणी, वर बंदुकीचं तेल, आणि तीन दिवसांचं वाळण. डिंक पण इतका धरत नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. एरवीच्या गोळीबारात कान पहिल्यांदा एकदाच ओढायचा असतो. सलामीला तसं नाही. सलामीच्या काडतुसात गोळी नसते, नुसता आवाज असतो. त्यामुळं बंदुकीला पुढचं काडतूस भरून घ्यायला पुरेसा जोर मिळत नाही. प्रत्येक फैरीला प्रत्येक शिपायानं कान हातानंच ओढायचा. कान अडला, की आवाज नाही. किसनबाबांनी सांगितलेली ती खटखट हीच.

मी बाबुरावांना हाक मारली. माणूस सरळ, देवभोळा, मिशीला रोज तेल लावणारा.

"हवालदार, नारळाचं पाणी किती शिंपडलं?"

"थोडंसं, आक्का. शस्त्राला कंजुषी करायची का?"

"थोडंसं? ही बंदूक अख्खा नारळ प्यालीय. आणि पुसलं का नाही?"

"पूजा झाल्यावर पाच दिवस पुसायचं नसतं. आमच्याकडं तसं हाय."

"बाबुराव, पूजा मला चालते. बंदुकीला चालत नाही."

 त्यांनी बाहेरच्या लिंबाकडं बघितलं. किसनबाबा अजून तिथंच होते. बाबुरावांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, बाह्या दुमडल्या. रॉकेलची वाटी पुढं ओढली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, देवाची माफी मागितली असणार, आणि मग असं घासायला लागले, की तीन माणसांचं काम एकट्यानं केलं. मी दात घासायचे ब्रश, बांबूच्या काड्या, जुन्या सुती साडीचे तुकडे काढले. प्रत्येक बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, खाच रॉकेलनं ओली करायची, मळ फुगू द्यायचा, काडीनं काढायचा, कोरडं पुसायचं, तेलाचा नुसता हात फिरवायचा. तेल जास्त झालं की उमरीच्या रस्त्याची धूळ पुन्हा तिथंच बसणार. त्या रस्त्याला मी चांगली ओळखून होते.

उन्हं कलायच्या आत नऊ कान मऊ झाले. दहावा मात्र अडून बसला. स्वच्छ दिसत होता, कुठं वाकलेला नव्हता, कळ शाबूत होती. पण निम्म्यावर आला की खट्. मी एकदा ओढला, दोनदा ओढला, आणि मग एवढ्या वर्षांनी पुन्हा ती लाल नखांची पोरगी माझ्या अंगात आली. दात-ओठ खाऊन हिसका मारणार, तेवढ्यात शहाणपण सुचलं आणि उस्तादांना फोन लावला.

"उस्ताद, एक कान निम्म्यावर अडतोय. सगळं बघितलं."

"क्या खिलाया उसको?"

"दसऱ्याची पूजा झाली."

पलीकडून ते इतके हसले, की खोकला लागला. "तो परशाद निकाल पहले! चावल देख, बेटी, चावल. खाच के पिछले कोने में."

मी अंबाड्यातली पिन काढली, टोक वाकवलं आणि खाचेच्या मागच्या कोपऱ्यात फिरवलं. कुंकवानं लाल झालेला, नारळाच्या पाण्यात फुगून नंतर वाळलेला अक्षतेचा एक दाणा बाहेर आला. कान ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा आला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"हर साल निकालता था," ते म्हणाले. "दसरे के दूसरे दिन. दरवाजा बंद करके, अकेला. किसी को बोला नहीं. उनको लगता, करीम हमारी पूजा को नाम रखता. तेरे को क्या लगा, मैं पेढे के वास्ते आता था?"

आता काय सांगायचं त्यांना. मी म्हटलं, "छे छे." त्यांनीही पुढं विचारलं नाही. नंतर दर दसऱ्याला मी रजा एक दिवसानं कमी केली, आणि दाणे काढले. बाबुराव त्या दिवशी दाराशी पहारा द्यायचे, आणि अक्षता वाहताना चिमूट लहान घ्यायला लागले. त्यांनाही मी कधी काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी मी निघायच्या बेताला संतोष आला. मिलिंदबरोबर भरती झालेला, एका खोलीत राहिलेला पोरगा. तुकडीत त्याचं नाव नव्हतं.

"हवालदारसाहेब, मला घ्या उद्या."

बाबुरावांनी त्याला खालून वर बघितलं. "रडणार न्हाईस ना?"

"न्हाई."

"हात दाखव."

त्यानं हात पुढं केले. थरथरत नव्हते. मी त्याच्या हातात तीच दहावी बंदूक दिली. त्यानं रिकामा कान चार-सहा वेळा ओढून दाखवला. हात सुरेख होता पोराचा. मी त्याला नेहमीचं सांगितलं, की जोर लावू नको, निम्म्यात सोडू नको. निम्म्यात सोडला, तर काडतूस भरलं जात नाही.

सकाळी आम्ही गावात पोचलो. मी सोबत गेले होते, औजारांची पिशवी मांडीवर घेऊन. सगळी आळी पांढऱ्या कपड्यांत. ज्यांच्या पांढऱ्या टोप्यांखाली कपाळावर अष्टगंध होतं तेही आले होते, शाळेची पोरं, ग्रामपंचायतीची माणसं. घरांच्या गच्च्यांवर माणसं, आणि जवळजवळ प्रत्येक हातात फोन वर धरलेला. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं. गणवेशात होते तरी माझे ओठ हलत होते. किसनबाबा पुढं उभे होते, हात जोडून. बघत होते ते मात्र बंदुकांकडं.

पहिली फैर. दहा बंदुकांचा एक आवाज. कडेच्या लिंबावरचे कावळे उडाले. दहा डावे हात कानांवर गेले, कान मागं यायला लागले. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरी फैर. बाहेरच्याला कळलं नसतं, पण माझा कान इतकी वर्षं हेच ऐकून तयार झालेला. एक आवाज कमी होता. मी रांगेवरून नजर फिरवली. संतोषचा डावा हात बंदुकीच्या कानावर होता, कान निम्म्यापर्यंत ओढलेला, आणि तिथंच थांबलेला. पहिल्यांदा मला आठवला तो तांदूळ. आणखी एक दाणा राहिला का? मग मी त्याच्या मनगटाकडं बघितलं. आमच्या धंद्यात अडलेला कान ओढणाऱ्याच्या मनगटावर शिरा फुगतात. ह्याचं मनगट सैल होतं. तो ओढतच नव्हता. बंदूक नीट होती.

बाबुरावांनाही दिसलं. तिसऱ्या फैरीचा हुकूम त्यांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. अंगावर सगळे फोन रोखलेले, आणि हा माणूस छाती पुढं काढून, समोर नजर लावून नुसता उभा राहिला, जणू दुसऱ्या आणि तिसऱ्या फैरीच्या मध्ये असं थांबायचंच असतं. गावाला वाटलं, हाही सलामीतलाच भाग. सगळे आणखी ताठ झाले. गच्चीवर कुणीतरी पोराच्या डोक्यावरची टोपी काढली.

मी रांगेच्या मागं दोन पावलांवर होते. ओठ न हलवता, जेमतेम त्याला ऐकू जाईल असं बोलले, "संतोष. जोर नको, बाळा. विचार त्याला."

त्याचे खांदे एकदा वर आले, खाली गेले. कान पुढं गेला, मग पूर्ण मागं आला, सुटला. बाबुरावांचा आवाज फुटला. तिसरी फैर पुऱ्या दहा बंदुकांची गेली. मग बिगुल.

कुणी हसलं नाही.

विधी आटोपल्यावर आम्ही बंदुका रिकाम्या आहेत की नाहीत ते तपासत होतो. किसनबाबा हळूहळू आमच्याकडं आले. मी उठून उभी राहिले.

"बाई, दुसऱ्या बारीला एक कमी वाजली."

एवढ्या गर्दीत, एवढ्या दुःखात, त्यांनी ऐकलं होतं. संतोष माझ्या शेजारी उभा होता, मान खाली. खरं सांगितलं असतं, तर पोरगं आयुष्यभर ते घेऊन फिरलं असतं. आणि खोटं सांगायचं, तर आदल्या दिवशीची माझी सगळी मेहनत मातीत. तरुणपणची मी असते, तर पहिल्यांदा हेच ओरडले असते, की माझी बंदूक चोख होती!

"हाव, बाबा," मी म्हटलं. "बंदूक अडली. माझ्याकडनंच काहीतरी राहिलं. माफ करा."

बाबुरावांनी माझ्याकडं बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

किसनबाबा संतोषच्या डाव्या हाताकडं बघत होते. मूठ अजून आवळलेलीच होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. त्यांनी तो हात धरला, एकेक बोट सोडवलं.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "बंदूक न्हाई अडली. सकाळी मिलिंदला घेऊन गाडी आली तवा माझ्याच्यानं दाराची कडी निघंना. लोकं बाहीर उभे, अन् मी आतून ओढून राहिलो, ओढून राहिलो. शेवटी थोरल्या पोराच्या बायकोनं काढली. कडी चांगली हाय. ह्याच उन्हाळ्यात मिलिंदनं नवी बसवली." मग संतोषला म्हणाले, "चल रे. तू त्याचा दोस्त हायेस. बाजूच्या घरी चहा टाकलाय. उपाशी जाऊ नको."

संतोषनं माझ्याकडं बघितलं, बंदुकीकडं बघितलं. ती कुणाच्या हातात द्यावी कळेना. बाबुरावांनी ती त्याच्याकडून घेतली आणि आपल्या दुसऱ्या खांद्यावर टाकली. हवालदारानं शिपायाची बंदूक वागवायची रीत नाही. त्या दिवशी त्यांनी दोन वागवल्या.

आम्ही गाडीपाशी जाऊन थांबलो. ऊन चढत होतं, ड्रायव्हरला परत पोचायची घाई होती, सगळ्यांनाच भुका लागल्या होत्या. तो चहा पिऊन येईपर्यंत कुणी हॉर्न वाजवला नाही.